एक वेल आणि एक इंग्रजी शाबासकी

लिहा म्हणून मागं लागलेल्या संपादकांना मी आधीच सांगितलं होतं, की माझं शिक्षण चौथीपर्यंत आणि माझ्या गोष्टीत कुणी मरत नाही. दोन्ही चालेल म्हणाले. तेव्हा वाचून कंटाळा आला तर त्यांना धरा.

मी हिमरू विणायची. औरंगाबादेत. आता शहराचं नाव बदललं आहे, पण गोष्ट जुनी आहे म्हणून नावही जुनंच लिहिते. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी आईच्या कडेवर होते, यावरून माझ्या वयाचा काय तो हिशेब करा. लग्न होऊन पडेगावला आले. नवरा हर्सूलच्या जेलमध्ये होता, शिपाई म्हणून. हे शेवटचे दोन शब्द मला जन्मभर घाईघाईनं सांगावे लागले.

रशीदमियांचा कारखाना दौलताबादच्या रस्त्याला होता. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब खोली, चार माग, दाराशी दुकान. वेरूळला जाणाऱ्या टॅक्सी तिथं थांबायच्या. परदेशी पाहुणे उतरायचे, माग बघायचे, एखादा मफलर घ्यायचे आणि जायचे.

हिमरू म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. ताणा सुती, बाणा रेशमी. उभे दोरे ते ताणा, आडवे ते बाणा. माग जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेला. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो, पायानं पावड्या दाबतो, हातानं धोटा फेकतो. मागाच्या माथ्यावर पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरत असते. पट्ट्यांना भोकं असतात. भोकं सांगतील तेवढेच दोरे वर उठतात, त्यातून रंगीत रेशीम गेलं की नक्षी उमटते. म्हणजे अक्कल सगळी पट्ट्यांत. माळ कधी थांबवायची, एवढ्यापुरतीच विणकरानं आपली वापरायची. मी नेमकी तिथंच वापरली.

पण त्याआधी मी विणकर नव्हतेच. कांड्या भरायची. धोट्यात दोऱ्याची जी बारीक गुंडाळी बसते ती कांडी. ते काम बायकांचं, माग पुरुषांचा. असं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण मोडलंही कुणी नव्हतं. माझ्याशेजारी नजमा बसायची. तिचे हात चरख्यावर आणि तोंड गावभर. समोरच्या मागावर इस्माईल. तो नमाजाला गेला की मी हळूच खड्ड्यात उतरून चार धोटे मारून घ्यायची. त्याला ते माहीत होतं. दुवा जरा लांबवायचा बिचारा.

मग इस्माईल एका कंपनीत पगारी चिकटला आणि माग रिकामा झाला. नेमकी तेव्हाच यलशीबाईंची शाल आली.

यलशीबाई म्हणजे एल्सी नावाच्या गोऱ्या बाई. त्या हिवाळ्यात वेरूळला राहून लेण्यांतल्या नक्षीची चित्रं काढत होत्या. उंच, उन्हानं नाक सोललेलं, पायात पुरुषी बूट. टॅक्सीवाला प्रभाकर त्यांना शहरात आणायचा-न्यायचा. तोच त्यांचा गाइड, तोच दुभाषी. इंग्रजी त्याला किती येत होतं ते पुढं कळेलच. बाईंनी एका खांबावरची वेल स्वतःच्या हातानं उतरवली होती आणि तशीच शाल त्यांना आईसाठी हवी होती. मधे बारीक बुट्टी, दोन्ही पदरांना एकेक वेल. रशीदमियांनी त्या चित्रावरून नवे पुठ्ठे पाडून घेतले. पुठ्ठे आले, रेशीम आलं, विणणारा नाही; बाकीचे तिघे आपापल्या मागावर गुंतलेले.

"मी विणते," मी म्हणाले.

रशीदमियां माझ्याकडं बघत राहिले. "कडूबाई, तुम?"

"इस्माईल नमाजाला गेल्यावर माग बंद पडल्याचं कधी ऐकलं का तुम्ही?"

नजमा चरख्यामागं फिसकन हसली. रशीदमियांनी पुष्कळ विचार केला. दुसरा विणकर मिळत नव्हता, एवढाच विचार होता तो. शेवटी म्हणाले, "बैठो. शाल अच्छी उतरी तो माग तुम्हारा. बिगड़ी तो वापस कांड्यां भरो, और फिर मागके पास दिखना नक्को."

हिशेब सरळ होता. मी खड्ड्यात उतरले.

आता बाईंच्या मराठीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथनं सुरू झालं. बाईंना मराठी शिकायची हौस होती. वेरूळच्या हॉटेलवाल्याकडनं त्या वस्तूंची नावं आणि आकडे शिकल्या होत्या. वस्तू आधी, आकडा मागनं. "चहा एक." "केळी चार." शिवाय त्यांच्या जिभेला द म्हणता यायचा नाही. दूध म्हणजे डूड. दौलताबाद म्हणजे डवलटाबाड. दोन केळी हवी असली की म्हणायच्या, "केळी डोन."

नक्षीवर बोट ठेवून त्यांनी मला विचारलं होतं, "काय?" मी म्हणाले, "वेल." त्या खूश झाल्या. "वेल! वेल!" करत हसल्या. एवढं हसण्यासारखं काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. पण गोऱ्या माणसांचं वेलीशी काहीतरी आहे, असं मला आधीपासून वाटायचं. दुकानात कुणीही गोरा आला आणि बोलायला तोंड उघडलं, की आधी "वेल..." म्हणायचा. समोर साध्या पट्ट्याचा मफलर असला तरी वेलच. मी नजमाला म्हणायची, "ह्यांना एकदा वेल दाखवून टाक गं, सारखं विचारत्यात."

शालीचा पहिला पदर चालू होता. रशीदमियां हैदराबादला भाचीच्या लग्नाला गेलेले. वेल पुरी होत आली होती, माळेची एक फेरी संपायला थोड्याच पट्ट्या उरल्या होत्या. तेवढ्यात बाई आल्या. प्रभाकर समोरच्या टपरीवर चहाला थांबला. बाई मागावर वाकल्या, चष्मा वर केला, खाली केला, आणि माझ्याकडं बघून मोठ्यांदा म्हणाल्या,

"वेल डन! वेल डन, काडूबाई!"

मी नजमाकडं बघितलं. नजमानं माझ्याकडं बघितलं.

"दोन म्हणल्या का गं?"

"हौ. दो बोली. डोन."

"आधी तर एक सांगितली होती."

"उनकी माँ का शाल है, उनका मन. तेरेकु क्या?"

मी बाईंना दोन बोटं दाखवून विचारलं, "दोन?" बाईंनीही मला दोन बोटं दाखवली आणि आनंदानं मान हलवली. पुढं कळलं, की त्यांच्याकडं तशी बोटं दाखवायची पद्धत आहे, त्याचा आकड्याशी संबंध नाही. तेव्हा मी काय समजायचं होतं?

त्या शाबासकी देत असतील असं मनात का आलं नाही, असं मला पुढं खूप जणांनी विचारलं. आमच्या कारखान्यात मागावरच्या कापडाला कुणी चांगलं म्हणत नसे, म्हणून. नजर लागते, ताणा तुटतो. कापड मागावरनं उतरलं, कात्री लागली, घडी झाली, की मग काय ते बोला. तोवर फार तर "चल रा है" म्हणायचं. अर्धं कापड बघून शाबास म्हणणं म्हणजे पातेलं चुलीवर असताना ढेकर देणं. शहाणं माणूस असं करील हे माझ्या डोक्यात कसं यावं?

तेव्हा मी माळ आणखी एकदा फिरवली. पहिल्या वेलीशेजारी दुसरी वेल विणली. सुंदर आली होती, खोटं कशाला बोलू?

रशीदमियां परतले. अत्तराचा वास, तोंडात विडा. मागाजवळ आले आणि विडा चघळायचा थांबला.

"ये क्या है?"

"वेल."

"और ये?"

"ही पण वेल."

"कडूबाई, एक बोले थे ना?"

"बाईंनी दोन सांगितल्या. वेल दोन म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या."

"दोनदा बोली?" रशीदमियांचा आवाज चढला. "तो चार कायकु नहीं बुने?"

मी म्हणाले, "नजमाला विचारा. तिनं पण ऐकलं."

नजमानं चरखा एकदम जोरात फिरवायला घेतला. "मैं तो कांडी भर री थी, मेरेकु क्या मालूम."

अशी ती मैत्रीण. नंतर तिच्याशी मी पुष्कळ दिवस बोलले नाही, आणि ती माझ्याशी बोलायची थांबली नाही, त्यामुळं तिला ते कळलंच नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी बाई प्रभाकरला घेऊन आल्या. मागावर वाकल्या. चष्मा वर, चष्मा खाली. मग सावकाश म्हणाल्या, "वेल... डोन?"

"व्हय," मी म्हणाले. "तुम्हीच म्हणाला होता."

"नाही, नाही. वेल एक."

"आता एक म्हणता! त्या दिवशी दोन म्हणालात. इथं, ह्याच जागेवर."

बाई गोंधळल्या. प्रभाकरशी इंग्रजीत बोलायला लागल्या. बोलता बोलता त्यांनी त्या दिवशीचं वाक्य पुन्हा म्हटलं, तेच, तसंच. मी ताडकन म्हणाले, "बघा! आत्ता पण म्हणाल्या! वेल दोन!"

प्रभाकर आधी भिंतीला टेकला, मग खाली बसला. हसून हसून त्याला ठसका लागला. "अहो कडूबाई, वेल दोन नाही, वेल डन! शाबास म्हणाल्या त्या तुम्हाला!"

"शाबास?" रशीदमियां ओरडले. "मागपर शाबास?" त्यांच्या चेहऱ्याकडं बघून वाटलं, दोन वेलींपेक्षा हेच त्यांना जास्त लागलं. ते लगेच ताण्यावरनं हात फिरवून बघायला लागले, कुठं तुटला तर नाही.

मी मागं हटणाऱ्यातली नाही. प्रभाकरला विचारलं, "वेल म्हणजे काय, इंग्रजीत?"

"वेल म्हणजे विहीर."

"आणि डन?"

"डन म्हणजे झालं. केलं."

"विहीर झाली? ही शाबासकी?"

प्रभाकरचं हसू आटलं. "म्हणजे... शब्दाचा अर्थ तसा नाही धरायचा."

"मग कसा धरायचा? मी शाल विणत होते. विहीर कुठनं आली?"

"हमारे यहां बोर है," रशीदमियां मधेच म्हणाले. ते का म्हणाले ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

शेवटी प्रभाकरनं हात टेकले आणि बाईंनाच विचारलं. बाई एकदम खुलल्या. शालीचं विसरल्या. कांड्यांच्या टोपलीशेजारी फतकल मारून बसल्या आणि समजावून सांगायला लागल्या. प्रभाकर तुटक तुटक मराठी करत होता. ते इतकं मोडकं होतं, की मी नीट करून सांगते.

वेल हे दोन शब्द आहेत, म्हणाल्या. दिसायला जुळे, पण भावंडं नव्हेत. विहिरीचा जो वेल, तो पाणी खालनं उकळल्यासारखं वर येतं त्यावरनं पडला. शाबासकीचा वेल निराळा. तो फार जुना आहे आणि तो इच्छेच्या घरातला. त्यांच्यात मनात असणं, हवं असणं याला जो शब्द आहे, त्याचा हा भाऊबंद. तेव्हा वेल डन म्हणजे...

इथं प्रभाकर अडला. "म्हणजे इच्छा... इच्छापूर्वक... इच्छित झालं..."

"मनासारखं झालं," मी म्हणाले.

"हां! तेच! मनासारखं!"

आणि प्रत्येक वाक्याच्या आधी वेल का म्हणता, तेही मी विचारून घेतलं. बाई म्हणाल्या, बोलायच्या आधी जरा दम घ्यायला म्हणतो. म्हणजे आपलं "बरं का". इतकी वर्षं मी मफलरांवर वेली शोधत होते.

रशीदमियांना गप्प बसवेना. आपली भाषा मागं का राहावी? म्हणाले, "हमारा शाबाश भी पूछो मॅडमको मालूम क्या. फारसी है. शाद बाश. यानी खुश रहो." मग जरा विचार करून म्हणाले, "शाबाश में करनेवाला खुश रहना. इनके वेल में देखनेवालेका मन भरना. फरक है."

फरक होता खरा, आणि तो मला तिथंच महागात पडणार होता. कारण मी बाईंना सरळ विचारलं, "मग आता सांगा. ही दुसरी वेल तुमच्या मनासारखी आहे का?"

प्रभाकरनं इंग्रजी केलं. बाईंनी शालीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. त्यांना हो म्हणावंसं वाटत होतं, ते दिसत होतं. पण बाई खरी. म्हणाल्या, "नाही." मग हातानं स्वतःच्या कमरेपाशी उंची दाखवली आणि प्रभाकरला काहीतरी सांगितलं.

"त्यांची आई फार बुटकी आहे म्हणतात. दोन वेली घेतल्या तर म्हातारी दिसायचीच नाही."

रशीदमियांनी पानाची पिंक टाकली. "ठीक है. कडूबाई, उठो. इस्माईल को छुट्टीके दिन बुलाता मैं. वो उसवेगा, वो पुरा करेगा."

विणण्यापेक्षा उसवणं अवघड. विणताना माळ पुढं जाते आणि पट्ट्या तुम्हाला सांभाळतात. उसवताना माळ हातानं एकेक पट्टी उलटी फिरवायची, तीच भोकं, तेच दोरे उठवायचे, आणि गेलेलं रेशीम आल्या वाटेनं परत काढायचं. ओढाल तर रेशीम पिंजारतं. कात्री लावाल तर ताण्याचा दोरा जातो, आणि गेलेल्या दोऱ्याची रेघ शालीच्या दुसऱ्या टोकापर्यंत दिसते. चांगले विणकरसुद्धा उसवायला नको म्हणतात. म्हणून रशीदमियांना इस्माईल हवा होता. मी उठले असते तर परत बसले नसते, हे मला कळत होतं.

"मी उठत नाही," मी म्हणाले.

"कडूबाई!"

"माझी वेल आहे, मीच काढीन. इस्माईलनं माझं उष्टं का काढावं?"

"रेशम खराब हुआ तो?"

"तर मी कांड्या भरीन, आणि मागाकडं बघायची पण नाही. तुमचंच बोलणं आहे."

रशीदमियांनी बाईंकडं बघितलं. शाल त्यांची. प्रभाकरनं सांगितलं असावं, कारण बाई उठल्या, बूट झटकले आणि म्हणाल्या, "काडूबाई एक. इस्माईल नाही."

त्यांचं व्याकरण त्या दिवशी प्रथमच माझ्या बाजूनं पडलं.

मी उसवायला बसले. विणताना मी गुणगुणायची, उसवताना श्वाससुद्धा मोजून सोडायची. नजमा पट्ट्या उलट्या फिरवायला धावून आली. माफी मागायची तिची ती रीत होती. मी धोटा आणि ती माळ, अशी आम्ही वेल पानापानानं मागं नेत होतो. आधी शेंडा गेला, मग फुलं, मग पानं.

यात प्रभाकरनं आपला धंदा सोडला नाही. तो रोज पाहुण्यांना घेऊन यायचा. "जुनी कला, एकटी बाई विणकर," असं काहीतरी सांगायचा. पाहुणे फोटो काढायचे, माना डोलवायचे, "वेल, वेल" करायचे. कापड वाढत नसून कमी होत चाललं आहे, हे त्यांच्यातल्या एकालाही कळलं नाही. एका जाड्या साहेबानं तर विचारलं, की एवढं व्हायला किती दिवस लागतात. मी म्हणाले, "हे संपलं की सुरू करणार आहे." प्रभाकरनं काय भाषांतर केलं देव जाणे, साहेब भारावून गेला.

रेशीम पिंजारलं नाही असं म्हणणार नाही. एका जागी थोडं पिंजारलं. पण ताण्याचा एक दोरा गेला नाही. ती जागा कुठली ते मला माहीत आहे, रशीदमियांना माहीत होतं, आणि दुसऱ्या कुणाला कळू नये म्हणून मी त्यावर बुट्टी अशी बसवली, की ती तिथंच असायला हवी होती असं वाटावं. मग मधलं अंग विणलं. दुसऱ्या पदराला वेल एक. माळ थांबवताना नजमानं मुद्दाम मोठ्यांदा विचारलं, "कडूबाई, कितने?" मी तिला धोटा दाखवला.

शाल उतरली. कात्री लागली. बाई आल्या, खांद्यावर घेतली, आरशात बघितली, मग आई केवढी ते आठवून गुडघे वाकवून बघितली. त्यांनी तोंड उघडलं. आता बोलायला हरकत नव्हती, पण त्यांची जरा तारांबळ झाली. इंग्रजी बोलावं तर पुन्हा काय होईल कोण जाणे. मग म्हणाल्या, "मनासारखा."

"सारखी," मी म्हणाले. "शाल ती."

रशीदमियां काही बोलले नाहीत. शाबास नाही, शाद बाश नाही, काही नाही. शालीची घडी उलगडून त्या बुट्टीवरनं अंगठा फिरवला, परत घडी घातली आणि कागदात बांधली. मी घरी गेले. नवऱ्यानं विचारलं, "काय झालं?" मी म्हणाले, "शाल झाली. माझं काय झालं ते उद्या कळंल."

आज त्या पत्र्याच्या खोलीत गाड्यांचे टायर विकतात. हिमरू म्हणून रस्त्यावर जे मिळतं ते यंत्राचं असतं. उलटं करून बघा, पाठीला दोरे सुटे नसतात. हाताचं विणलेलं विकत घेणारे कमी झाले आणि विणणारे त्याहून कमी. त्याबद्दल रडायला मला कुणी सांगितलेलं नाही, पण वाईट वाटतं ते वाटतं.

तर दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात गेले. माझ्या चरख्यावर नजमाची जाऊ बसलेली. माझी टोपली तिच्या मांडीशी, माझ्या कांड्या तिच्या हातात. मी दारातच थांबले. आता चरखाही गेला, असंच मला वाटलं. कांड्यांचं काम गेलं आणि मागाचं तर कुणी नाव काढत नाही. मी चप्पल परत पायात घालायला लागले.

मागाजवळ रशीदमियां पाठमोरे उभे होते. नवा ताणा चढवून झाला होता, पांढराशुभ्र, एका बोटाचाही डाग नसलेला. त्यांनी मागं वळूनही बघितलं नाही. माझ्याशी ते एरवी दखनी बोलायचे, पण त्या दिवशी मला नीट समजावं म्हणून असेल, चक्क मराठीत बोलले.

"कडूबाई, उभ्या काय राहिल्या? जा की खड्ड्यात!"

मी गेले. गुडघे गेले तेव्हाच वर आले.